हूं म्हणजे लाईन क्लिअर

माझ्या सासऱ्यांना मी हरवलं, तेव्हा मी त्यांच्यापासून चार फुटांवर बसलो होतो.

(हरवलं म्हणजे कॅरममध्ये नव्हे. कॅरममध्ये तेच मला हरवतात, तेही एका डोळ्यानं.) मी जागा होतो, शुद्धीवर होतो आणि ते काय बोलतायत ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. तरीही ते शिरूरच्या आमच्या घरातून उठून, पायात चपला घालून, एसटीत बसून दौंडला गेले. हे कसं झालं ते कळायला आधी मी ध्यानाच्या नादी कसा लागलो ते सांगावं लागेल.

मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माझं काम रबराच्या रिंगा बघायचं. दहाच्या नाण्याएवढी काळी रिंग असते, गाडीच्या ब्रेकमध्ये बसते. ती दिव्याखाली धरायची, फिरवायची, केसाएवढी चीर दिसली तर लाल ट्रेमध्ये टाकायची, नाही तर हिरव्यात. रोज आठ तास, आणि अशी बावीस वर्षं! त्यामुळे माझी एकाग्रता इतकी वाढली की घरी ताटात चपाती पडली तरी मी ती ट्यूबलाईटखाली धरून फिरवायला लागलो. मंगल, म्हणजे माझी बायको, सुरुवातीला हसायची. एके दिवशी मी तिच्या दोन चपात्या नापास करून बाजूला ठेवल्या, तेव्हापासून तिचं हसणं बंद झालं.

डोकंही तापट झालं होतं. कारखान्यात सुपरवायझरशी वाजलं, तेव्हा साहेबांनी मला समज न देता तीन दिवसांच्या ध्यान शिबिराला पाठवलं. तिथले सर वयानं माझ्यापेक्षा लहान, पण आवाज असा की ऐकतानाच जांभई यावी. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, एकाग्रता आणि ध्यान एकच का? मी हात वर करून "एकच" म्हणालो. बावीस वर्षांचा अनुभव होता! सर माझ्याकडे बघून मायेनं हसले. नापास चपातीकडे मी बघायचो तसे.

मग त्यांनी सांगितलं. एकाग्रतेत तुम्ही एकच गोष्ट धरून ठेवता आणि बाकीचं सोडता. ध्यानात काहीच धरायचं नाही. आवाज आला, येऊ द्यायचा. गेला, जाऊ द्यायचा. त्याला नाव द्यायचं नाही, त्याच्या मागं जायचं नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही. नुसतं साक्षी राहायचं. आणि श्वास सोडताना ओठ मिटून आतल्या आत म्हणायचं, "हूंऽऽ".

मला ते फारच पटलं. इतकी वर्षं आपण उगाच मूठ आवळून जगलो असं वाटलं, आणि दोन महिन्यांत मी घरात जे दिसेल ते सोडून द्यायला लागलो. दूध उतू गेलं, मी साक्षी राहिलो. गॅसवाला दोनदा बेल वाजवून सिलिंडर परत घेऊन गेला, मी त्याच्या मागं गेलो नाही. आठ दिवस शब्दशः चुलीवर, अंगणात तीन विटा मांडून मंगलनं स्वयंपाक केला, आणि धुरातून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही ध्यान करत नाही हो. तुम्हीच एक ध्यान आहात." मी तिला रागावलो नाही. श्वास सोडला, "हूंऽऽ".

आता मामा. माझे सासरे. मंगल त्यांना आप्पा म्हणते, मी आमच्याकडच्या रीतीनं मामा म्हणतो, आणि ते मला पाव्हणं म्हणतात. (लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी मी पाव्हणाच आहे, घरचा झालेलो नाही. ते का, हे पुढं कळेलच.) मामा रेल्वेत स्टेशन मास्तर होते, दौंडलाच निवृत्त झाले, मामी वारल्यावरही तिथल्याच आपल्या छोट्या घरात एकटे राहतात. रेल्वेत एका स्टेशनातून गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनाला आधी विचारावं लागतं, लाईन क्लिअर आहे का. पुढून होकार आला की मगच गाडी हलते. मामांच्या अंगात ही पद्धत एवढी मुरलीये की आमच्याकडे आले की न्हाणीघरात जातानाही दाराबाहेर उभं राहून "लाईन क्लिअर हाय का?" विचारतात. आत कोणी असो वा नसो, उत्तर आल्याशिवाय पाऊल पुढं टाकत नाहीत. रिकाम्या न्हाणीघरासमोर ते पंधरा मिनिटं उभे राहिलेले मी स्वतः पाहिलेत.

त्यांचा डावा डोळा काचबिंदूनं केव्हाच गेला. त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. राहिला उजवा, त्यात मोतीबिंदू पिकला होता. त्याचं ऑपरेशन शिरूरला करायचं ठरलं आणि मंगलची झोप उडाली. एकच डोळा, तो बिघडला तर आप्पांना कायमचा अंधार, हे ती मला दिवसातून चारदा सांगायची. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि नियम दिले. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धुळीत फिरायचं नाही, आणि दर दोन तासांनी हात स्वच्छ धुऊन एक थेंब.

चौथ्या दिवशी मंगलची रजा संपली. ती झेडपीच्या शाळेत शिकवते आणि त्या दिवशी तिचं पाबळला ट्रेनिंग होतं, चुकवता येणार नव्हतं. मी कारखान्यातून सुट्टी घेतली. निघताना तिनं थेंबांची बाटली माझ्या हातात दिली, माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी बंद केली आणि म्हणाली, "आप्पांवर ध्यान ठेवा."

मी हसलो. म्हणालो, "मंगल, ध्यान ठेवायचं नसतं. करायचं असतं."

ती आपल्या स्कूटीवर बसून गेली.

आठचा थेंब घातला. दहाचा घातला. मामा कॉटवर बसले होते, समोरच्या भिंतीकडे बघत. आमच्या हॉलची भिंत आम्ही दिवाळीत रंगवली होती. मामांनी चष्मा जरा खाली केला, पुन्हा वर केला आणि विचारलं, "पाव्हणं, ह्यो रंग कंचा?" मी म्हटलं, आकाशी. त्यांनी विचारलं, नक्की आकाशीच ना? हिरवट न्हाई? मी म्हटलं, डब्यावर तसंच लिहिलं होतं. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मग आणखी एकदा. कोणालाही वाटलं असतं, हे माणूस इतकं का विचारतंय ते बघावं. मला वाटलं, बिचाऱ्यांना रंग दिसायला लागलेत, छान.

साडेदहा झाले. पुढचा थेंब बाराला. मामा शांत होते, घर शांत होतं. मी विचार केला, वीस मिनिटं बसून घ्यावं. त्यांच्या समोरच, चार फुटांवर, सतरंजी टाकून मी मांडी घातली आणि डोळे मिटले. माझ्या मते ही राखणच होती!

आवाज यायला लागले. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आली, गेली. कांद्याचा टेम्पो आला, गेला. मग आणखी एक आवाज आला, "पाव्हणं, मी जरा दौंडला जाऊन येतो. लाईन क्लिअर हाय का?"

मी त्या आवाजाला नाव दिलं नाही. त्याच्या मागं गेलो नाही. श्वास सोडला, "हूंऽऽ".

थोड्या वेळानं तोच आवाज पुन्हा आला, जरा जवळून. आता बघा, साधा माणूस असता तर इथं डोळे उघडले असते. मी नाही उघडले. "हूंऽऽ". तिसऱ्यांदा आवाज अगदी कानाशी आला, "मंजी निघू ना?" मला आतून एवढा आनंद झाला होता म्हणून सांगू, की आज पहिल्यांदाच बाहेरचं काही मला हलवू शकत नाहीये. मी छाती भरून श्वास घेतला आणि तिसरा हूं असा लांबलचक सोडला की त्यावर मालगाडी पास झाली असती. नंतर कडी वाजली. ती पण मी जाऊ दिली.

डोळे उघडले तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मन स्वच्छ होतं. कॉटही स्वच्छ होती.

पाण्याच्या तांब्याखाली एक कागद होता. मामांचं अक्षर नजर गेल्यापासून बोटभर मोठं झालंय, त्यामुळे मला तो उभ्यानंच वाचता आला. "१०.४० ला विचारले. हूं मिळाले. १०.४३ ला पुन्हा विचारले. हूं मिळाले. १०.४५ ला तिसऱ्यांदा. मोठे हूं मिळाले. दौंडला निघालो. संध्याकाळपर्यंत परत. थेंब सोबत नेले आहेत." खाली सही आणि तारीख. वरिष्ठांपुढे ठेवता येईल असा पुरावा होता.

मी त्यांना फोन लावला. तो उशीखाली वाजला.

मग माझं सगळं ध्यान उतरलं. दौंडचा रस्ता, उसाचे ट्रॅक्टर, ती धूळ, एसटीचे धक्के आणि त्यात मामांचा तो एकुलता एक डोळा! मी माझी मोटरसायकल काढली आणि स्टँडवर गेलो. कंट्रोलरना विचारलं, काळा चष्मा, पांढरी टोपी, पांढरा शर्ट, असे कोणी म्हातारे गृहस्थ बघितले का. त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, दौंड गाडीत बसून गेले, पण जायच्या आधी गाडी सहा मिनिटं लेट का म्हणून मला लेखी खुलासा मागत होते.

मी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. न्हावऱ्यात चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, दौंड गाडी आत्ताच गेली, आज फार वेळ थांबली होती. का थांबली ते ऐकायला मी थांबलो नाही. (थांबलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं.) पारगावच्या पुलाच्या अलीकडे मला पुढं लाल एसटी दिसली. मागच्या काचेतून शेवटच्या सीटवर एक पांढरी टोपी दिसत होती. माझ्या जिवात जीव आला. मामा सापडले!

इथं माझी बावीस वर्षांची एकाग्रता कामाला आली. मनाशी म्हटलं, आता ध्यानबिन काही नाही, आता फक्त टोपी. रिंग बघावी तशी मी ती टोपी बघत होतो. पुढं जावं तर समोरून उसाच्या ट्रॉल्या, म्हणून मागंच राहिलो. एसटी हळू झाली की मी हळू, ती पळाली की मी पळालो. टोपी डावीकडे कलली की मामांचा डोळा खिडकीच्या दांडीवर आपटतोय असं वाटायचं. चौफुल्याला एसटी वळली, मीही वळलो. हायवेला लागून आम्ही बरंच अंतर गेलो. रस्त्यात पाट्या असतील, मैलाचे दगड असतील, पण मी टोपीवरची नजर एकदाही हलवली नाही. एवढी शुद्ध एकाग्रता मला कारखान्यातही साधली नव्हती.

एसटी थांबली. मी गाडी स्टँडला लावून आत चढलो, शेवटच्या सीटपाशी गेलो आणि त्या टोपीच्या खांद्यावर हात ठेवला. कोणी तरी भलतेच आजोबा होते, मांडीवर कोथिंबिरीची पिशवी. त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, "कुणाचा रं तू?" बसमध्ये नजर फिरवली तर आणखी नऊ पांढऱ्या टोप्या होत्या. आमच्या भागात टोपीवरून माणूस शोधायला निघालेला मी पहिलाच असेन. खाली उतरून गाडीची पाटी वाचली. पुणे. आणि स्टँडची पाटी वाचली. यवत. दौंड डावीकडे होतं आणि मी उजवीकडे वळून चांगला दहा-बारा किलोमीटर आलो होतो!

मी यवतच्या स्टँडच्या पायरीवर बसलो. खरं सांगतो, रडायला आलं. मंगलनं मला एवढं एकच काम दिलं होतं. एकवीस वर्षांत तिनं मला स्वतःहून दिलेली ही पहिली जबाबदारी असावी. आणि मामांचा डोळा! त्यांना पुन्हा दिसेनासं झालं तर मी त्यांच्या समोर कसा जाऊ, आणि ते समोर मी आहे हे कसं ओळखतील, असलं काहीबाही डोक्यात यायला लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. मंगल.

तिच्या ट्रेनिंगमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती. तिनं अगदी गोड आवाजात विचारलं, आप्पा काय करतायत?

मी म्हणालो, "झोपलेत."

"बाराचा थेंब घातला?"

"बाराच्या ठोक्याला घातला."

मागं कंडक्टर ओरडला, यवत, यवत, उतरून घ्या. मंगलनं विचारलं, कोण ओरडतंय? मी म्हटलं टीव्ही. ती म्हणाली, आपला टीव्ही गेल्या आठवड्यापासून बंद आहे ना? मी म्हटलं, शेजारच्यांचा. मोठ्यानं लावलाय.

"बरं," ती म्हणाली. "घोरतायत का आप्पा?"

"हळूहळू."

"उजव्या कुशीवर झोपू देऊ नका हं."

मी म्हटलं, सरळ झोपलेत, मी पायाशीच बसलोय, त्यांच्यावरच ध्यान आहे. तिनं पुन्हा "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, सुटलो.

दौंडला पोचेपर्यंत दोन वाजत आले. मामांच्या गल्लीत वळलो तर त्यांच्या दारासमोर खुर्ची टाकलेली, खुर्चीत मामा, मान मागं टाकून वर बघतायत, आणि त्यांच्यावर एक दाढीवाले गृहस्थ वाकलेले. एका हातानं मामांची पापणी धरलेली, दुसऱ्या हातात थेंबांची बाटली. मी गाडी तशीच टाकून पळालो. त्या गृहस्थांनी माझ्याकडे न बघता दम भरला, "हालवू नका. थेंब पडू दे." थेंब पडला. इतका नेमका की गालावर ओघळ नाही. माझा थेंब चारातला एकच डोळ्यात जातो, बाकीचे मिशीत.

ते रफिकभाई पेंटर. मामांचे चाळीस वर्षांचे शेजारी आणि दोस्त, आणि दोन वर्षांपासून अबोला. कारण असं की मामांनी घर रंगवायला दिलं तेव्हा आकाशी रंग सांगितला होता आणि रफिकभाईंनी, मामांच्या म्हणण्यानुसार, शेवाळासारखा हिरवट मळका रंग मारला. रफिकभाई शपथ घेऊन सांगत होते की मास्तर, आकाशीच आहे. मामा म्हणत होते, मी जन्मभर सिग्नल बघितलेत, मला रंग शिकवतो का. मध्यंतरी रफिकभाईंच्या मुलीचं लग्न झालं, भिंतीला भिंत लागून मांडव होता, आणि मामा दार लावून घरात बसले. मोतीबिंदूनं माणसाला निळं पिवळट दिसायला लागतं, हे डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी सहज सांगितलं होतं. मी ते ऐकलंही होतं. पण मी तेव्हा साक्षी होतो.

ऑपरेशनआधी हिरवट दिसणारी आमची भिंत आज सकाळी आकाशी दिसली, तेव्हा मामांच्या मनात आलं की आपण चुकलो असू. मग त्यांना घरात बसवेना.

"येऊन बघितलं," मामा म्हणाले, "तर घर समदं आकाशी. आरं, काय सुरेख रंग मारलाय ह्यानं! आन् मी दोन वर्सं ह्याचं त्वांड बघितलं न्हाई. पोरीच्या लग्नाला गेलो न्हाई. पाव्हणं, मला लाज वाटली ओ." त्यांचा आवाज कापायला लागला तसे रफिकभाई घाईनं म्हणाले, "मास्तर, रडू नका. आत्ताच थेंब घातलाय, वाहून जाईल." आणि स्वतः मात्र तोंड फिरवून रुमालानं डोळे पुसत राहिले.

मी मामांच्या पाया पडलो. म्हटलं मामा, माफ करा, बाराचा थेंब माझ्यामुळे चुकला. मामा म्हणाले, चुकला न्हाई. न्हावऱ्यात गाडी पोचली तेव्हा बाराला चार मिनिटं कमी होती. त्यांनी कंडक्टरला सांगून गाडी थांबवली, बाटलीच्या पाण्यानं आणि साबणानं त्याला हात धुवायला लावले, बरोबर बारा वाजेपर्यंत सगळ्या प्रवाशांना बसवून ठेवलं, आणि बाराच्या ठोक्याला थेंब घालून घेतला. पन्नास माणसं श्वास रोखून बघत होती म्हणे. रस्ताभर त्यांनी चष्म्यावरून स्वच्छ रुमाल बांधला होता, त्यामुळे धूळ नाही. म्हणजे डॉक्टरांचे सगळे नियम मामांनी एकट्यानं पाळले होते. घरी चार फुटांवर राखणदार असताना मात्र त्यांना कोणी वाली नव्हता.

"आन् चार मिनिटं मोकळी होती," मामा म्हणाले, "तवा कंडक्टरच्या फोनवरनं मंगलला कळवलं. निघताना पुढच्या स्टेशनाला सांगावं लागतं."

"मामा, किती वाजता कळवलंत?"

"बाराला दोन मिनिटं कमी."

आणि मी तिच्याशी बोललो होतो सव्वाला. घोरतायत, हळूहळू, सरळ झोपलेत, पायाशी बसलोय! तिनं मला एकेक प्रश्न विचारून एकेक पायरी खाली उतरवलं होतं, आणि मी प्रत्येक पायरीवर मान ताठ ठेवून उतरलो होतो. एवढ्यात रफिकभाईंचा फोन वाजला. तीच होती. मामांनी दोन शब्द बोलून फोन माझ्या हातात दिला.

"अहो," मंगल म्हणाली, "आप्पा उठले का?"

मग तिचा आवाज बदलला. म्हणाली, "मी तुमच्यावर चिडलेली नाही. मी घाबरले होते. त्यांना तो एकच आहे हो." मी म्हटलं, चुकलो मंगल. या वेळी मनापासून म्हटलं, आणि शेवटी हूं जोडला नाही.

रफिकभाईंच्या घरी आम्ही जेवलो. त्यांची लेक माहेरी आली होती, मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लग्नाला पोचायला उशीर झाला म्हणून तिची रीतसर माफी मागितली, कारणासहित. संध्याकाळी रफिकभाईंच्या जावयानं आम्हाला आपल्या कारमधून, काचा बंद करून, शिरूरला सोडलं. माझी दुचाकी दौंडलाच राहिली. तो पोरगा पूर्ण रस्ता डोळे उघडे ठेवून चालवत होता, हे मामांनी मला दोनदा दाखवून दिलं.

वाटेत मी त्यांना विचारलं, मामा, तुम्ही मला हलवून का उठवलं नाही? ते म्हणाले, "झोपलेल्या माणसाला उठवता येतं. तुम्ही तर उत्तरं देत होता." मग मी त्यांना एकाग्रता आणि ध्यान यातला फरक समजावून सांगितला, सरांनी सांगितला होता तसाच. एकात एकच गोष्ट धरायची, दुसऱ्यात सगळं येऊ-जाऊ द्यायचं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "दोन्ही चांगलंच हाय की. आमी केबिनमधी दोन्ही करायचो. येनारी गाडी बी बघायची, जानारी बी बघायची, एकीवर नजर बी धरायची. पर पाव्हणं, बघून झाल्यावर झेंडा दावावा लागतो. तुमचं तेवढंच ऱ्हातंय."

आठवड्यानं डॉक्टरांकडे गेलो. डोळा उत्तम होता. मामांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, आणि तिच्याखाली बारीक टाईपात छापलेलं छपाईवाल्याचं नावही वाचलं. डॉक्टर खुश झाले. म्हणाले, काळजी घेणारं माणूस चांगलं दिसतंय. मंगलनं माझ्याकडे बघितलं, मामांनी खिडकीकडे बघितलं, आणि मी माझ्या चपलांकडे.

थेंब अजून महिनाभर घालायचे होते, म्हणून मामा आमच्याकडेच राहिले. परवा रविवारी मंगल बाजाराला निघाली. मी तयारच होतो. डोळे सताड उघडे, हात धुतलेले, घड्याळ समोर, हूं पूर्ण बंद. म्हटलं, आता ती सांगेल आणि या वेळी मी करून दाखवीन. ती आली, थेंबांची बाटली घेऊन माझ्यासमोरून सरळ पुढं गेली आणि ती मामांच्या हातात दिली.

"आप्पा," ती म्हणाली, "मी येईपर्यंत ह्यांच्याकडे लक्ष ठेवा."

मामांनी काळा चष्मा काढला, मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "जा तू बिनघोर. डोळ्यात तेल घालायला डॉक्टरांनी मनाई केलीय, पर थेंब घालून ठेवतो."